तंबूत वीज हवी होती, पेटीत वाळू निघाली

17,678 रुपये. एवढे पैसे माझे गेले. ही पेटी अजून विकली जातेय, म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

'पोर्टेबल पॉवर स्टेशन' नावाने मोबाइलवर जी जाहिरात फिरते, ती तुम्ही पाहिलीच असेल. तळ्याकाठी तंबू, आत पंखा, दिव्यांची माळ, इलेक्ट्रिक किटलीत चहा उकळतोय आणि हे सगळं एका बॅटरीच्या पेटीवर. 2,00,000 एमएएच (मिलिअँपिअर-अवर), 1000 वॅट, प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्यासारखी सुरळीत वीज. किंमत 14,999, आगाऊ पैसे भरले तर 12,999. सोबत घडीचं 100 वॅटचं सोलर पॅनल 3,499 ला.

तंबूत पंखा-किटली कशाला, असं म्हणणाऱ्यांसाठी आधीच सांगते. माझ्या बाबांना स्लीप ॲप्निया आहे. झोपेत श्वास अडकतो, म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन रात्रभर लावावं लागतं. जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं त्यांच्या मनात फार वर्षांपासून होतं आणि हॉटेलात नाही, झाडांजवळ राहायचं होतं. जनरेटर मला चालणार नव्हता. काजव्यांनी भरलेल्या सादड्या-हिरड्याच्या झाडांखाली धडधडणारा जनरेटर आणि फोकस लावणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग येतो. काजवे प्रकाशावरच एकमेकांना शोधतात, तिथे तुम्ही हॅलोजन मारता? तेव्हा आवाज न करणारी बॅटरी हाच मार्ग होता. ही चैन नव्हती.

आणि मी आंधळेपणाने घेतलं नाही. हिशेबाचं काम करते, आकडा पडताळल्याशिवाय पैसे सोडत नाही. एमएएचच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, वॅट-अवर, म्हणजे आत खरोखर किती वीज मावते ते काढा, हे मला आधीपासून माहीत होतं. 2,00,000 एमएएच म्हणजे 200 अँपिअर-अवर, गुणिले सेलचे 3.7 व्होल्ट, झाले 740 वॅट-अवर. आपल्या वीजबिलातलं जवळपास पाऊण युनिट. हवा दमट करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर बाबांचं मशीन 40 वॅटच्या आसपास घेतं, छोटा पंखा 20 वॅट. आठ तासांचे 480. बॅटरीची डीसी वीज घरच्यासारखी एसी करणाऱ्या इन्व्हर्टरमधली घट धरूनही पुरत होतं. हा हिशेब मी कागदावर केला होता आणि तो आजही बरोबरच आहे. खोटा होता तो पेटीवर छापलेला आकडा.

खोकं आलं तेव्हा पेटी चांगली जड होती. हे मुद्दाम सांगतेय, कारण नंतर ज्याने त्याने मला विचारलं, "वजनावरून कळलं नाही?" वजन होतं. त्यासाठीच तर आत वाळू भरली होती.

कळायला हवं होतं ते दुसऱ्या एका गोष्टीवरून. तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पेटीसोबत एक काळा अडॅप्टर आला होता, लॅपटॉपच्या अडॅप्टरपेक्षाही लहान. त्यावर बारीक अक्षरात छापलं होतं, 12.6 व्होल्ट, 2 अँपिअर. म्हणजे पंचवीसेक वॅट. पेटीच्या पडद्यावर 30 टक्के दिसत होते. मी चार्जिंगला लावली आणि दोन तासांत पडदा 100 वर गेला. 25 वॅटच्या अडॅप्टरने दोन तासांत आत जास्तीत जास्त 50 वॅट-अवर जाऊ शकतात. 740 ची पेटी 30 वरून 100 टक्क्यांवर न्यायची तर 500 च्या वर लागतात, म्हणजे वीस तासांहून जास्त. तो अडॅप्टर माझ्या हातात होता, लेबल मी वाचलं होतं, गुणाकार तर तोंडी होतो. मनात खटकलंही. म्हणून विक्रेत्याला फोन केला. तो इतका शांतपणे बोलला. "मॅडम, फास्ट चार्जिंग चिप आहे, शिवाय कारखान्यातून बॅटरी भरूनच येते, पडदा सुरुवातीला कमी दाखवतो." समोरचा माणूस तांत्रिक शब्दांत, 'मॅडम मॅडम' करत ठामपणे सांगतो तेव्हा कोण म्हणेल की तू खोटं बोलतोस? घरी दिवा आणि मोबाइल लावून पाहिला, पडदा 100 वरून हलला नाही. त्याचंही मला समाधानच वाटलं.

पेटी कोणतीही घ्या, अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणून बघा आणि चार्ज व्हायला लागलेल्या तासांनी पुन्हा गुणा. पेटीवर काहीही छापता येतं, हा गुणाकार खोटा पाडता येत नाही.

भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावाच्या पुढे एका शेतकरी कुटुंबाच्या खाचराच्या कडेला आम्ही तंबू लावला. काजवे भरपूर होते, झाडंच्या झाडं एका तालात उजळत होती. रात्री दहाला बाबांनी मास्क चढवला. मशीनचा अडॅप्टर घुं घुं करायला लागला, घरी तो कधीच करत नाही. प्युअर साइन वेव्ह नसली की काही उपकरणं अशी कुरकुरतात. पडदा 100, मग 91, मग 78. आणि 78 वरून थेट शून्य. टक् असा आवाज झाला, लाल दिवा लागला आणि मशीन बंद. तेव्हा पावणेअकरासुद्धा वाजले नव्हते. बाबा मास्क काढून उठून बसले आणि "असू दे गं" म्हणाले. त्या 'असू दे' चा मला अजून त्रास होतो. त्या घरच्या आजींनी आम्हाला ओटीवर बोलावलं, प्लगजवळ अंथरूण घालून दिलं, पैशाचं नाव काढू दिलं नाही. त्या माऊलीमुळे रात्र निभावली.

सोलर पॅनलची गत तीच. सकाळी उघडलं तर वर्तमानपत्राच्या एका पानाएवढं. भर उन्हात चौरस मीटरला साधारण 1000 वॅट पडतात, चांगलं पॅनल त्यातले वीसेक टक्के घेतं. तेव्हा 100 वॅटला अर्धा चौरस मीटर, म्हणजे साडेपाच चौरस फूट जागा हवीच. ऑर्डर करण्याआधी लांबी-रुंदी विचारा. सांगत नसेल तर घेऊ नका.

परत आल्यावर विक्रेत्याने 'रिटर्न पिकअप'साठी 1,180 रुपये भरायला सांगितले, परताव्यासोबत मिळतील म्हणून. भरले. 16,498 अडकलेले असताना कोणीही भरले असते. त्यानंतर फोन बंद. परताव्यासाठी आधी पैसे मागणारा माणूस चोरच असतो.

मग ई-बाइकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात पेटी उघडून घेतली. आत सहा सेल, दुसऱ्या कशातून तरी काढलेले, आधीच्या वेल्डिंगचे डाग तसेच. बाकी जागेत सेलोटेपने गुंडाळलेल्या वाळूच्या पिशव्या. मोजल्यावर सगळी मिळून क्षमता भरली 44 वॅट-अवर. जाहिरातीतली किटली म्हणाल, तर एक लिटर पाणी उकळायलाच 87 वॅट-अवर लागतात. घट धरली तर त्या पेटीवर अर्धा लिटर पाणीही उकळलं नसतं.

हे सगळं घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. वाळूच्या पिशव्या टेबलावर ठेवल्या. ठाणे अंमलदारांनी विचारलं, "मॅडम, वस्तू तर मिळाली ना?" वस्तू मिळाली! वाळू मिळाली! सायबर शाखेत जा म्हणाले. सायबर शाखेत सांगितलं की पार्सल पोचलंय, म्हणजे हा ऑनलाइन फ्रॉड नाही, खरेदीचा वाद आहे, ग्राहक आयोगात जा. मी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 दाखवलं. फसवून माल किंवा पैसे द्यायला लावणं, सात वर्षांपर्यंत शिक्षा. बॅटरी म्हणून वाळू विकणं यात बसत नसेल तर काय बसतं? साहेब येतील, उद्या या. उद्या गेलं की साहेब बंदोबस्ताला. लेखी अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र तयार नाहीत. पोचेसाठी मला भांडावं लागलं, एका साध्या शिक्क्यासाठी. बँकेत गेले तर "पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे." कुरिअरवाले म्हणाले, पाठवणाऱ्याची माहिती गोपनीय आहे. माझी माहिती त्या चोराला द्यायला चालते, त्याची मला द्यायला नाही! ज्या ॲपवर जाहिरात होती तिथे तक्रार केली, तर 'आमच्या नियमांचा भंग आढळला नाही' असं छापील उत्तर आलं आणि खाली तीच जाहिरात, तीच किटली.

ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षं. कायदा चांगलाच आहे. पण समोरच्या पक्षाचा पत्ता लागतो. बिलावरच्या पत्त्यावर मी रजिस्टर पत्र पाठवलं, 'असा इसम येथे नाही' शेरा मारून परत आलं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्री करणाऱ्या संकेतस्थळावर कायदेशीर नाव, पत्ता, तक्रार निवारण अधिकारी हे सगळं हवं. ते तपासायचं कोणी? मी? नोकरी सांभाळून, बाबांचा दवाखाना सांभाळून?

पैसे नुकतेच गेले असतील तर ठाण्यात जाण्याआधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येतं. खरेदीच्या वादासाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, पत्त्याच्या लेबलपासून सुरुवात करून. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक (आर-नंबर) पेटीवर शोधा आणि बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. माझ्या पेटीवर नुसतं चिन्ह होतं, नंबर नव्हता. सीपॅपवाल्यांनी विचारून घ्या, अनेक मशीन थेट डीसीवर, कारच्या सॉकेटवरही योग्य कन्व्हर्टर लावून चालतात. इन्व्हर्टरची घट वाचते.

आणि ही पेटी ज्यांच्या घरात आधीच आली आहे, त्यांनी ती चार्जिंगला लावून झोपू नका, तंबूत तर मुळीच नेऊ नका. माझ्या पेटीतल्या सहा सेलना संरक्षक सर्किटच नव्हतं. दुकानदाराने पहिल्यांदा त्याच जागेवर बोट ठेवलं होतं. जास्त चार्ज झाला तर थांबवणारं काही नाही, लिथियम पेटलं तर नायलॉनच्या तंबूतून बाहेर पडायलाही वेळ मिळणार नाही. मशीन लावून बाबा तिच्यापासून हातभर अंतरावर झोपले होते.