जर्मन घोळक्याला नमस्कार: ‘त्सुझामेन’ की ‘आलरझाइट्स’?

एकट्या माणसाला ‘गूटन टाग’, म्हणजे ‘नमस्कार’, म्हणायला कुणीही पहिल्या आठवड्यात शिकतं. अडतं ते समोर आठ-दहा जण बसलेले असले की. दक्षिण जर्मनीत नोकरीला आल्यापासून मी सगळे पर्याय वापरून पाहिले. आता बहुतेक वेळा तोंडातून ‘हालो त्सुझामेन’च निघतं.

आपल्या मराठीत एक मोठी सोय आहे. दोन मित्र असले की ‘तुम्ही’ आणि साहेब एकटे असले तरी ‘तुम्ही’, त्यामुळे मित्र आणि साहेब एकाच ‘तुम्ही’त मावतात. जर्मनमध्ये मावत नाहीत. ‘डू’ म्हणजे ‘तू’, त्याचं अनेकवचन ‘ईअर’, तर आदरार्थी ‘झी’ एकाला आणि अनेकांनाही ‘झी’च.

आमच्या बैठकीत सहा जण ‘डू’चे होते, दोघे ‘झी’चे. मी आत शिरता शिरता ‘व्ही गेट्स ऑइश?’ म्हणून गेलो, म्हणजे ‘कसे आहात?’, पण मित्रांना विचारतात तसं. बाकीचे ‘गूट, गूट’ म्हणाले. निवृत्तीला आलेले एक सहकारी मात्र हातातला पेन टेबलावर ठेवून शांतपणे म्हणाले, ‘गूट, डांकं. उंड इनेन?’ म्हणजे ‘छान, धन्यवाद. आणि तुम्हाला?’ त्या ‘इनेन’मध्ये, म्हणजे आदराच्या ‘तुम्हाला’मध्ये, सगळं आलं. ते रागावले नव्हते, पण माझ्या मनाला ते लागलं. वडीलधाऱ्याला नकळत अरेतुरे केल्यासारखं वाटलं.

‘त्सुझामेन’ म्हणजे ‘एकत्र’. त्यात ना ‘डू’ येतो, ना ‘झी’. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला.

‘आलरझाइट्स’, म्हणजे ‘सगळ्यांना’, हेही ही अडचण टाळतं, हे मान्य. ‘गूटन मोर्गन (शुभ सकाळ) आलरझाइट्स’ भारदस्त वाटतं आणि काहींना तेच शोभतं. माझ्या कानाला मात्र ते जरा जुन्या वळणाचं लागतं. शिवाय ते बहुधा सकाळ-संध्याकाळच्या नमस्काराला जोडून येतं. पुण्याच्या सहकाऱ्यांबरोबर उन्हाळ्यात इथल्या 9 वाजता फोन असला, तर तिकडे साडेबारा वाजलेले असतात, हिवाळ्यात दीड. मग ‘मोर्गन’ नेमकं कुणाचं? ‘हालो’ला घड्याळ लागत नाही.

‘हालो आले’ (‘आले’ म्हणजे ‘सगळे’) मात्र टाळाच. इंग्रजीतून उचलल्यासारखं वाटतं आणि जर्मन माणसाला ते खटकतं. ‘झेअर गेएर्टे डामेन उंड हेरेन’, म्हणजे ‘आदरणीय महिला आणि सज्जनहो’, हे अनोळखी कार्यालयाला पाठवायच्या पत्रासाठी ठेवा. सहकाऱ्यांच्या ईमेललाही ‘हालो त्सुझामेन’ पुरतं. फक्त त्यापुढे स्वल्पविराम द्या आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द नाम किंवा आदराच्या ‘झी’चं रूप नसेल तर लहान अक्षराने सुरू करा.

हँबुर्गकडे जाणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे ‘मोइन’ एकाला, दहांना, सकाळी, रात्री, कधीही चालतं. झ्यूरिकला अनेकांना ‘ग्रुएत्सी मितेनांद’ म्हणतात. पण असे शब्द त्या त्या मातीत राहूनच जिभेवर बसतात, असं मला वाटतं.

समारंभात किंवा दुःखाच्या प्रसंगी ‘हालो’ हलकं पडतं, तेव्हा ‘गूटन टाग त्सुझामेन’ म्हणा. डॉक्टरांकडच्या प्रतीक्षा खोलीत मी हेच म्हणतो. इथे आत येणारा माणूस अनोळखी लोकांनाही नमस्कार करतो आणि मासिकांमागून चार-पाच आवाज उत्तर देतात. मलाही आता तसंच उत्तर मिळतं.