पीआर एजन्सी की कंपनीतलं कॉर्पकॉम: पहिली नोकरी कुठे धरायची?

दोन्हीकडे काम केलंय म्हणून लिहितोय. पीआर एजन्सी म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांसाठी जनसंपर्काचं काम करणारी, आणि कॉर्पकॉम म्हणजे कंपनीचा स्वतःचा कॉर्पोरेट कम्युनिकेशन विभाग. बाहेरून वाटतं दोन्हीकडे प्रेस नोटच लिहायची, मग फरक काय? फरक असा की एजन्सीत बातमी छापून यावी म्हणून पळायचं आणि कंपनीत निम्मा वेळ ती चुकीची छापून येऊ नये म्हणून.

एजन्सीत एकावेळी चार-पाच क्लायंट असतात, सकाळी बँक, दुपारी बिस्किटं, संध्याकाळी बिल्डर, आणि क्लायंट ऑफिसला पोचायच्या आत सगळे पेपर चाळून कव्हरेजचा मेल गेलेला पाहिजे. रिपोर्टरला फोन केला की तो म्हणतो "मेल करून ठेवा", म्हणजे बहुतेक नाहीच. महिनाअखेरीला डॉसियर, म्हणजे छापून आलेल्या बातम्यांची फाइल, बनवायचं, त्यात काही क्लायंट अजून बातमीच्या जागेला जाहिरातीचा रेट लावून "इतक्या लाखांचं कव्हरेज" असा आकडा मागतात, पीआरचं काम कसं मोजायचं हे सांगणाऱ्या 2010 च्या बार्सिलोना तत्त्वांनी हे मोजमाप बाद ठरवलंय तरी मागतात आणि आपण मुकाट देतो. पगार सुरुवातीला बेताचाच. पण कोणत्या बीटला (म्हणजे बँकिंग, रिअल इस्टेट अशा विषयाला) कोण रिपोर्टर आहे आणि मुळात बातमी कशात नाही हे दोन वर्षांत पक्कं कळतं, ते कंपनीत बसून कळत नाही.

कंपनीत एकच ब्रँड, पण चार ओळींची नोट लीगल, फायनान्स, एमडी असं फिरून परत येते तेव्हा त्यातली बातमी गळून गेलेली असते 😅 लिस्टेड कंपनी (शेअर बाजारात नोंदलेली) असेल तर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचे नियम डोक्यात ठेवावे लागतात. बाजार चालू असताना बोर्ड मीटिंग संपली तर निर्णय 30 मिनिटांत एक्स्चेंजला कळवायचे, बाजारमूल्याने पहिल्या 250 कंपन्यांत असाल आणि पेपरातल्या अफवेने शेअर जोरात हलला तर 24 तासांत खरं-खोटं सांगायचं. तिथे "उद्या बघू" चालत नाही. शिवाय आतलं काम वेगळंच, चाकणच्या प्लांटमधे शिफ्ट बदलल्याची नोटीस मराठीत नीट लिहिणं हे कधीकधी पेपरातल्या बातमीपेक्षा जास्त महत्त्वाचं असतं.

मराठी चांगली असेल तर माझं मत सरळ एजन्सी. कोल्हापूर-नाशिकच्या पेपरांना जाणाऱ्या नोटा बऱ्याचदा इंग्लिशवरून उतरवलेल्या असतात, "जाहीर करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे" वगैरे, पेपरातला डेस्कवाला (बातम्या निवडणारा) पहिल्या ओळीलाच डिलीट मारतो. पहिल्याच ओळीत बातमी सांगणारा माणूस टीममधे लगेच उठून दिसतो. घरी मात्र सांगून ठेवा, क्लायंटचा फोन रविवारीपण येतो. ते जमणार नसेल तर कंपनीच बघा.

इंटरव्ह्यूला एक-एक प्रश्न नक्की विचारा. एजन्सीत, एका माणसाकडे किती क्लायंट? सहा-सात म्हणाले तर दुसरी शोधा. कंपनीत, कॉर्पकॉम रिपोर्ट कोणाला करतं? एमडीला असेल तर उत्तम, एचआरला असेल तर वाढदिवसाचे मेल आणि दिवाळीची रांगोळी स्पर्धा तुमच्याच गळ्यात.