कार्डाचं बिल पूर्ण भरता येत नाही: मिनिमम ड्यू, ईएमआय की सोनेतारण?

क्रेडिट कार्डाचं बिल साठ हजार आलंय, खात्यात वीसही नाहीत आणि शेवटची तारीख आठवड्यावर आली आहे. अशा वेळी बहुतेक जण ॲप उघडतात, मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर छापलेली किमान रक्कम, भरतात आणि सुटलो म्हणतात. त्या महिन्यापुरते सुटताही: लेट फी लागत नाही, सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, थकबाकी दिसत नाही. पण जरा आकडे मांडून बघा.

महिना 3.5 टक्के दराने 60,000 वर व्याज 2,100 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 378. मिनिमम ड्यू साधारण 5 टक्के धरला तर तुम्ही भरले 3,000, त्यातले 2,478 व्याजात आणि करात गेले. मुद्दलातून कमी झाले फक्त 522! वर, बाकी पुढे ओढली की बिनव्याजी मुदतही जाते. त्या महिन्यात कार्डावर भरलेल्या किराण्यालासुद्धा खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. पगार लांबला म्हणून एखाद्या महिन्यात मिनिमम भरणं समजू शकतं. सलग तिसऱ्यांदा तेच करत असाल तर रस्ता बदला.

आता तीच रक्कम ईएमआयवर टाका, म्हणजे बँकेला सांगून बिलाचे ठरलेले मासिक हप्ते करून घ्या. दर 16 टक्के आणि मुदत 24 महिने धरली तर हप्ता येतो सुमारे 2,938. व्याजावरचा जीएसटी धरून पहिला हप्ता 3,100 च्या आत बसतो. म्हणजे मिनिममला जेवढे जात होते जवळपास तेवढेच पैसे जातात, पण दोन वर्षांत कर्ज संपतं. बारा महिने झेपत असतील तर हप्ता 5,444 आणि एकूण व्याज 5,300 च्या आसपास. प्रोसेसिंग फी वेगळी, ती आधी विचारून घ्या. ही सोय बिल आल्यावर, शेवटच्या तारखेच्या आत मागायची. ठरलेला पगार असलेल्याला मी हाच पर्याय सुचवेन, एका अटीवर: हप्ते संपेपर्यंत कार्ड कपाटात.

उत्पन्न कमी-जास्त होत असेल, म्हणजे दुकान, रिक्षा, हंगामी काम, तर ठरलेला हप्ता गळ्याशी येतो. तिथे सोनेतारण बरं. बँकेत दर साधारण 9 ते 12 टक्के, या व्याजावर जीएसटी नाही आणि जमेल तसं मुद्दल भरायची मुभा बऱ्याच ठिकाणी मिळते. पावतीवर प्रत्येक दागिन्याचं वजन नीट लिहिलंय ना, ते काउंटरवरच तपासा. धोका एकच, पण मोठा: वर्षअखेरीस सगळं एकदम भरू म्हणून गप्प बसलात तर दागिने लिलावात जाऊ शकतात. घरच्यांना न सांगता पाटल्या गहाण ठेवू नका. हा निर्णय त्यांचाही आहे.

एफडी असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिच्यावर 7 टक्के मिळवत कार्डावर 42 टक्के भरणं मला कधीच पटलेलं नाही. मोडायची नसेल तर तिच्यावर कर्ज घ्या, दर एफडीपेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो.

पर्सनल लोनचं गणित ईएमआयसारखंच. फक्त त्या पैशांनी कार्डाची बाकी फिटली की कार्डावर पुन्हा खरेदी सुरू होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

राहिलं सेटलमेंट. ‘साठचे तीस द्या, विषय संपवू’ असा फोन आला की मोह होतो. पण मग सिबिल अहवालात ते खातं बंद नाही, ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं, आणि पुढे गृहकर्ज मागायला गेलात की बँक तिथेच बोट ठेवते. नोकरी गेली, आजारपण आलं, दुसरं काहीच उरलं नाही, तरच हा मार्ग. तेव्हाही बँकेचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि वसुलीवाल्याच्या वैयक्तिक खात्यात तर मुळीच नाही. सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तसे फोन येत असतील तर नोंद ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत.