कवठाची तयार चटणी: शिवरात्रीच्या ताटात चालेल का?

महाशिवरात्रीच्या आठवड्यात बाजारात कवठांचे ढीग लागतात, आणि बचत गटांच्या स्टॉलवर तयार चटणीच्या बरण्याही दिसतात. अशाच एका पाव किलोच्या बरणीबद्दल.

आधी लेबल वाचा. कवठाचा गर, साखर, गूळ, तिखट, मीठ, हळद, हिंग, सायट्रिक ॲसिड. समोर ठळक अक्षरांत 'उपवासासाठी खास', आणि मागे हिंग! डबीतला बांधणीचा हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुधा मैदा किंवा कणीक असते. हळदही कित्येक घरांत उपवासाला चालत नाही. म्हणजे ज्या ताटासाठी विकत घ्यायची, त्याच ताटातून ही चटणी बाद.

चवीला वाईट नाही. गोडाकडे झुकलेली, तिखट बेताचं, बिया नीट गाळलेल्या. पण झाकण उघडल्यावर कवठाचा घमघमाट येत नाही. फ्रीजबाहेर टिकावी म्हणून गर साखरेत घट्ट होईपर्यंत शिजवलाय, आणि कवठाचा वास आचेवर उडतो. त्यातच या फळात पेक्टिन भरपूर. साखरेसोबत आटवलं की ते थिजतं. म्हणून ही चटणी चमच्यानं कापावी लागते, भाकरीवर पसरत नाही. यात गटाचा हलगर्जीपणा नाही, टिकाऊपणाची किंमत आहे. सायट्रिक ॲसिड मात्र खटकतं. पिकल्या कवठाचा आंबटपणा चवीला पुरेसा असतो.

घरची चटणी शिजवायचीच नसते, सगळा फरक तिथे आहे. कवठ वीतभर उंचीवरून फरशीवर टाकून बघा. कच्चं उसळतं, पिकलेलं धप्पकन बसतं. देठाजवळ वास यायला हवा. तडा गेलेलं घेऊ नका, आत बुरशी धरलेली असते. फोडल्यावर गर तपकिरी आणि चिकट हवा. पांढरट निघाला तर फळ कच्चं आहे. तो तुरटपणा कितीही गूळ घातला तरी झाकत नाही.

२०० ग्रॅम गराला २०० ग्रॅम चिरलेला गूळ. फळ फार आंबट असेल तर गूळ २५० ग्रॅमपर्यंत न्या. एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, एक चमचा तिखट, पाऊण चमचा सैंधव. गूळ आधी चाखा. खारवट विहिरीच्या पाण्यावरच्या उसाचा असेल तर मीठ निम्मं करा. शिरा काढून गर-गूळ कालवून अर्धा तास झाकून ठेवा, गूळ आपोआप सुटतो. मग मिक्सरच्या लहान भांड्यात दोन-तीनदा नुसतं फिरवून थांबवा. इथेच बहुतेकांची चटणी बिघडते: सलग फिरवलं की बिया भरडतात, चटणी कडवट आणि कचकचीत होते. बिया नकोच असतील तर वाटण्याआधी गर चाळणीवर चोळून घ्या. पाणी शक्यतो नाहीच. गर फारच कोरडा असेल तर एखादा चमचा. काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये, कोरडा चमचा वापरून आठवडाभर छान राहते. भगर आणि दाण्याच्या आमटीसोबत हीच हवी.

मग बरणी घ्यावीच का? कवठाचा हंगाम गेल्यावर, घ्यावी. धपाट्यांसोबत किंवा ज्वारीच्या भाकरीसोबत ती बरी लागते, मुलांच्या डब्यातही सांडत नाही. घट्ट वाटली तर तेवढ्यापुरती वाटीत काढून चमचाभर कोमट पाण्यात कालवा, वर जिरेपूड भुरभुरा. अख्ख्या बरणीत पाणी घालू नका, साखरेचं प्रमाण उतरलं की चार दिवसांत ती फसफसते.

पाचपैकी तीन गुण. 'उपवासासाठी' हे लेबलावरून काढलं, किंवा हिंग-हळद बरणीतून काढली, तर साडेतीन.