व्हिएतनामची पहिली सहल: पैसे बुडतात ते घर सोडण्याआधीच

मुंबई विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवरून माणसाला परत पाठवतात, तेव्हा फसवणूक होऊन पंधरा-वीस दिवस उलटून गेलेले असतात. घरी बसून, मोबाइलवर, रात्री जेवणानंतर ‘व्हिसाचं एकदाचं उरकून टाकू’ म्हणत अर्ज भरला, तिथेच ती झालेली असते. पाठीवर बॅग टाकून पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेली बरीच तरुण मंडळी व्हिएतनाम निवडतात, कारण तिथे खर्च कमी आणि व्हिसा ऑनलाइन मिळतो. फसवणारेही याच दोन गोष्टींवर जगतात.

आधी व्हिसा. व्हिएतनामचा ई-व्हिसा तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर मिळतो. एकदाच प्रवेश करायचा असेल तर २५ डॉलर, पुन्हा पुन्हा ये-जा करायची असेल तर ५० डॉलर. १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. नकार आला तरी शुल्क परत मिळत नाही. जादा पैसे घेऊन ‘अर्जंट’ काम करण्याची सोय त्या संकेतस्थळावर नाही, म्हणून कुणी दोन तासांत व्हिसा देतो म्हणालं की तुम्ही सरकारशी बोलत नाही आहात, एवढं तिथेच ओळखा.

सर्चमध्ये ‘व्हिएतनाम व्हिसा’ टाकलं की वर येतात त्या जाहिराती. त्यांच्या पानावर लाल झेंडा, सोनेरी चांदणी, शासकीय वाटणारा शिक्का, सगळं असतं. पत्त्यात ‘गव्ह’ हा शब्दही असतो, पण तो नावाच्या पोटात घुसवलेला असतो आणि शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ओआरजी’ येतं. पत्ता उजवीकडून वाचायचा. सुरुवातीचं ‘https://’ सोडून येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी ‘डॉट गव्ह डॉट व्हीएन’ असेल तरच ते सरकारी. मध्ये आडवी रेघ घातलेलं ‘गव्ह-व्हीएन’ चालत नाही, आणि पत्त्याच्या सुरुवातीला असलेल्या ‘गव्ह’ला काहीच किंमत नाही. कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे पान खरं, हा समज तर सोडूनच द्या. ते कुलूप चोरालाही फुकट मिळतं.

यातल्या काही दलाली संकेतस्थळांवरून व्हिसा खरंच मिळतो, फक्त दुप्पट-तिप्पट पैसे जातात. तिथवर ठीक म्हणू. खरं नुकसान होतं ते अर्ज दुसऱ्याने भरल्यामुळे, आणि ते महाराष्ट्रातल्या लोकांचं विशेष होतं. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे बहुतेकदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. घाईत अर्ज भरणारा दलाल ते मधलं नाव गाळतो आणि फक्त नाव-आडनाव टाकतो. व्हिसा येतो, पीडीएफ छान दिसते, आणि काउंटरवरचा कर्मचारी पासपोर्टशी ताडून पाहताना थांबतो. दिलेल्या व्हिसात दुरुस्ती होत नाही. नवा अर्ज, नवं शुल्क, आणि पुन्हा किमान तीन कामाचे दिवस. शनिवार-रविवार त्यात धरायचे नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या तेत या नववर्षाच्या सुट्टीत तर कचेऱ्या आठवडाभर बंद असू शकतात. मग तोच दलाल ‘तातडीची दुरुस्ती’ म्हणून आणखी काही हजार मागतो.

पासपोर्टच्या तळाशी बाणांसारख्या चिन्हांनी भरलेल्या दोन ओळी असतात. त्यात नाव जसं आहे, तसंच अर्जात हवं. जन्मतारीख दिवस-महिना-वर्ष याच क्रमाने. पासपोर्ट क्रमांकातला शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ वेगळे ओळखा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने उरलेली असावी. प्रवेशाचं ठिकाणही अर्जात निवडावं लागतं, म्हणून तिकीट हनोईचं असेल तर तिथे हनोईचा विमानतळ, म्हणजे नोई बाईच हवं.

दुसरी, याहून वाईट तऱ्हा म्हणजे पूर्ण बनावट व्हिसा. कुणाच्या तरी खऱ्या व्हिसाच्या पीडीएफवर तुमचं नाव आणि फोटो चिकटवून पाठवतात. ती नुसती बघून ओळखता येत नाही. सरकारी संकेतस्थळावर मात्र अर्जाचा नोंदणी क्रमांक, ईमेल आणि जन्मतारीख टाकली की अर्जाची स्थिती दिसते. म्हणूनच बनवाबनवी करणारा तुमचा ईमेल कधी देत नाही, स्वतःचाच टाकतो आणि नोंदणी क्रमांक मागितला की टाळाटाळ करतो. दलालाकडून काम करून घ्यायचंच असेल तर अर्जात ईमेल तुमचाच हवा आणि नोंदणी क्रमांक अर्ज भरल्याच्या दिवशीच हातात हवा, या दोन अटी पैसे देण्याआधी घाला. त्याला पासपोर्टची प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा: ‘फक्त व्हिएतनाम व्हिसासाठी’ आणि तारीख. अर्जात चढवायची स्वच्छ प्रत स्वतः चढवा.

व्हिएतनामनंतर थायलंडला जाणार असाल तर तिथलं डिजिटल आगमन पत्रक १ मे २०२५ पासून भरावं लागतं, आणि ते पूर्णपणे मोफत आहे. त्याचेही पैसे उकळणारी पानं आहेत.

आता तिकीट. ओळखीच्या ग्रुपवर ‘ग्रुप रेट’ म्हणून बाजारभावापेक्षा सात-आठ हजारांनी स्वस्त तिकीट येतं, पैसे यूपीआयने आणि कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. सहा अक्षरांचा पीएनआर मिळतो. तुम्ही तो कंपनीच्या साइटवर टाकता आणि नाव, तारीख, विमान सगळं दिसतं. विश्वास बसतो. पण पीएनआर म्हणजे फक्त नोंद. पैसे न भरता काही तास, कधी दिवस-दोन दिवस जागा धरून ठेवता येते. मुदत संपली की नोंद आपोआप नाहीशी होते. तिकीट काढल्याची खूण म्हणजे १३ आकडी तिकीट क्रमांक. त्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात: एअर इंडियाचे ०९८, व्हिएतनाम एअरलाइन्सचे ७३८. काही स्वस्त कंपन्यांच्या कागदावर हा क्रमांक नसतो. तिथे साइटवर बुकिंग ‘कन्फर्म’ आहे का आणि बाकी रक्कम शून्य आहे का, ते पाहायचं.

आणि हे एकदा पाहून भागत नाही. खरं तिकीट काढून, तुम्हाला दाखवून, नंतर ते रद्द करणारेही असतात, कारण परतावा ज्या खात्यातून पैसे गेले तिथेच, म्हणजे त्यांच्याकडे, जातो. बुकिंगमध्ये मोबाइल आणि ईमेल तुमचेच असतील तर रद्द झाल्याचा संदेश तुम्हाला येतो. ते नसतील तर निघण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत पत्ता लागत नाही. दोन-तीन दिवसांनी, मग आठवडाभर आधी आणि पुन्हा आदल्या दिवशी स्वतः तपासा. शक्य तिथे क्रेडिट कार्डाने पैसे द्या. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. यूपीआयने स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे परत मिळवणं फार अवघड जातं.

तिसरी गोष्ट ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’. व्हिएतनामच्या उत्तरेकडच्या ‘हा झांग’ या डोंगराळ भागात किंवा ‘हाय वान’ घाटात दुचाकी चालवायचं वेड अनेकांना असतं, आणि ऑनलाइन काही पानं दहा-दहा वर्षांचं परदेशी लायसन्स घरपोच देतात. तो नुसता छापील कागद आहे. भारतात आंतरराष्ट्रीय वाहन परवाना फक्त आरटीओ देतं, मूळ लायसन्सच्या आधारावर आणि एका वर्षापुरता. त्याहून महत्त्वाचं हे की आरटीओचा तो खरा परवानाही व्हिएतनाममध्ये चालत नाही. आपला परवाना १९४९ च्या रस्ते वाहतूक करारानुसार असतो, व्हिएतनाम १९६८ चा करार मानतो. भाड्याने दुचाकी देणारे दुकानदार ‘नो प्रॉब्लेम’ म्हणतात, कारण प्रॉब्लेम त्यांना नसतो. अपघात झाला तर वैध परवाना नव्हता या कारणावरून प्रवास विमा दावा नाकारतो, आणि मोडलेल्या हाडाचं बिल तुमच्या अंगावर येतं. ‘हा झांग’ला स्थानिक चालकाच्या मागे बसून जाता येतं, त्याला तिथे ‘ईझी रायडर’ म्हणतात. स्वतः चालवण्यापेक्षा पैसे जास्त लागतात, तरी आमचं मत ठाम आहे: पहिल्या सहलीत तेच करा. दुकानात अनामत म्हणून मूळ पासपोर्ट ठेवू नका. परत करताना जुन्या ओरखड्याचे पैसे मागितले जातात आणि पासपोर्ट त्यांच्या खणात असतो. रोख अनामत द्या आणि गाडी घेतानाच चारही बाजूंनी व्हिडिओ काढा.

नोटांबद्दल थोडं. तिथे २०,००० डाँगची नोट निळी आणि ५,००,००० ची सर्वात मोठी नोटही निळसर. अंधाऱ्या टॅक्सीत पाच लाखांची नोट देऊन बसता, चालक हातचलाखीने वीस हजारांची दाखवून ‘कमी दिलेत’ म्हणतो. या दोन नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि देताना रक्कम मोठ्याने म्हणा. एटीएम किंवा कार्ड मशीन ‘रुपयांत घेऊ का’ असं विचारेल तेव्हा नाही म्हणून डाँगच निवडा, रुपयांचा तो दर नेहमी महाग पडतो. इथून डॉलर घेताना पक्कं बिल मागा. बिल न देणारा स्वस्त पडत असला तरी नोट खोटी निघाली तर त्याच्यावर बोट ठेवायला तुमच्याकडे काहीच नसतं.

पैसे गेल्याचं लक्षात आलं, तर लाजत बसण्यात वेळ घालवू नका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची शक्यता असते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो संदर्भ क्रमांक), वेळ आणि समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार आणि बँकेला ईमेल, दोन्ही त्याच दिवशी. चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. पासपोर्टची प्रत त्यांच्याकडे गेली असेल तर तक्रारीत तेही लिहा. आणि तक्रारीनंतर काही दिवसांत ‘तुमचे बुडालेले पैसे आम्ही काढून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन आला, तर तो नंबरही त्याच तक्रारीत जोडा. फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात, आणि हा फोन करणारा बहुतेकदा तिथूनच आलेला असतो.