बिलावरचे नवे सील, गाडीतले जुने

माझ्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमधून (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीतून), इंजिनाकडची ताकद आणणारा प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो त्या तोंडाशी, गिअर ऑइल झिरपू लागले होते. पिनियनचे, म्हणजे त्या तोंडातून आत जाणाऱ्या गिअरच्या दांड्याचे, ऑइल सील गेले आहे, हे गॅरेजचे निदान अचूक होते. फसवणूक झाली ती कामात. बिलावर नवे सील, क्रश स्लीव्ह (पिनियनचा नट आवळताना चेपून बेअरिंगचा ताण राखणारी नळी), ताजे ऑइल आणि मजुरी असे सर्व रीतसर लिहिलेले होते आणि डिफरन्शियल इतके लखलखीत पुसून दिले होते की शंका यावी असे काही दिसत नव्हते.

गळती लवकरच पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या मिस्त्रीने गाडी वर घेतली आणि काहीही न उघडता सांगितले की, इथे कोणाचा पाना लागलेलाच नाही. सील बदलायचे तर शाफ्ट सोडवून, पिनियनचा नट काढून फ्लँज, म्हणजे शाफ्ट जिला बोल्टांनी जोडतात ती चकती, ओढून काढावी लागते. इथे मात्र शाफ्टच्या बोल्टांच्या खाचांत जुना चिखल आणि गंज तसाच होता. फ्लँजच्या फटीत, हात पोहोचेल तिथवर, सीलंट तेवढा फासलेला होता. फिलर प्लग, म्हणजे ऑइल भरायच्या भोकाचे बूच, काढल्यावर ऑइल काळे आणि भोकाच्या बरेच खाली निघाले. प्रत्यक्षात वापरलेल्या दोनच गोष्टी, म्हणजे सीलंट आणि पुसण्याचे फडके, बिलात नव्हत्या!

शिवाय ब्रीदर, म्हणजे डिफरन्शियलमधली हवा बाहेर सोडणारा मार्ग, चिखलाने बुजलेला होता. डिफरन्शियल तापले की आतला दाब वाढतो, त्याला वाट मिळाली नाही तर तो ऑइलला सीलवाटे बाहेर ढकलतो. त्यामुळे सील खरोखर बदलले असते तरी ब्रीदर साफ केल्याशिवाय ते टिकले नसते. छायाचित्रे दाखवल्यावर पहिल्या गॅरेजने ‘सीलच सदोष आले असेल’ असे म्हणत फक्त ऑइलचे पैसे परत केले.

जुने सील मागून घ्यावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण गॅरेजच्या भंगारात तशी सीले हवी तितकी असतात. त्यापेक्षा गाडी देण्यापूर्वी शाफ्टच्या बोल्टांवरून फ्लँजवर रंगाची रेघ ओढून छायाचित्र काढावे. पिनियनच्या नटावरच्या रेघेवर मात्र विसंबू नये, कारण क्रश स्लीव्ह तीच ठेवून काम करणारा जाणता मिस्त्री बेअरिंगचा ताण बिघडू नये म्हणून नट मुद्दाम मूळ खुणेवर आणतो. शक्य असेल तर फ्लँज उतरवलेली असताना स्वतः हजर राहावे, कारण सीलचा ओठ घासून तिच्यावर चर पडला आहे का, हे तेव्हाच दिसते आणि खोल चर असेल तर अस्सल नवे सीलसुद्धा गळते.