७२ डिस्क आणि ११ महिने: घरी अभिजात सिनेमा जमवण्याचा अनुभव

मल्टी-रीजन, म्हणजे जगातल्या कुठल्याही भागासाठी काढलेली डिस्क चालवणारा, ब्लू-रे प्लेअर घेऊन आता ११ महिने झाले. या काळात ७२ डिस्क जमल्या. त्यातल्या ४९ पाहून झाल्या, काही दोन-दोनदा. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहिलं गेलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. जुने अभिजात चित्रपट, जगभरचा कलात्मक सिनेमा डिस्कवर जमवावा का, हा विचार ज्यांच्या मनात घोळतोय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सुरुवातीला माझा हिशेब साधा होता. ओटीटीवर आज असलेला चित्रपट महिन्याभराने शोधला तर सापडत नाही, याचा वैताग आला होता. तेव्हा आवडता सिनेमा विकत घ्यायचा, कपाटात ठेवायचा आणि वाटेल तेव्हा लावायचा, एवढंच डोक्यात होतं. पण दोन-तीन महिन्यांतच कळलं की 'तो सिनेमा' अशी एक वस्तू मिळतच नाही. मिळते ती कुणीतरी अमुक प्रिंटवरून, अमुक वेगाने, अमुक रंगात तयार केलेली प्रत. जुन्या पोथ्यांचे पाठभेद असतात ना, अगदी तसंच. कोणता पाठ कुठून आला, कुणी शुद्ध केला आणि कुठे हात राखून काम केलं, हे पाहायची सवय लागली आणि मग या नादातली खरी गोडी कळली.

ही गोष्ट मला पहिल्यांदा दाखवली ती डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायरच्या १९२८च्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'ने, जोनवरच्या खटल्याच्या मूकपटाने. मूळ निगेटिव्ह आगीत गेलं, आणि कित्येक वर्षं हा चित्रपट तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या प्रतींमधूनच लोकांनी पाहिला. मग १९८१ साली ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात त्याची जुनी प्रिंट सापडली. माझ्या डिस्कवर तो दोन वेगांनी दिलाय: सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) आणि सेकंदाला २० चौकटी. पहिल्यात तो ८१ मिनिटांत संपतो, दुसऱ्यात ९७ मिनिटं चालतो. आधी २४चा पाहिला, पुढच्या आठवड्यात २०चा. तीच दृश्यं, तेच चेहरे. पण जोनच्या डोळ्यांत पाणी जमतं आणि गालावरून ओघळतं, ते २०च्या वेगात इतकं सावकाश उतरतं की आपलाही श्वास त्या लयीत जातो. आई सहज खोलीत आली होती, ती दारातच उभी राहिली आणि मग खाली बसली. म्हणाली, "आवाज बंद कर, नुसतं बघू दे." शेवटपर्यंत आम्ही दोघींनी तो संगीताशिवाय पाहिला. मला २०चाच पाठ पटतो. २४ पटणारेही पुष्कळ आहेत, आणि न्यायालयातल्या प्रश्नांचा मारा त्यात जास्त टोचतो हे मान्य आहे. एकाच डिस्कवर दोन्ही मिळाल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे आला तरी. ओटीटीवर एकच मिळाला असता आणि दुसरा आहे हे कळलंही नसतं.

दुसरा अनुभव 'पथेर पांचाली'चा. १९९३ साली लंडनच्या एका लॅबमध्ये लागलेल्या आगीत सत्यजित राय यांच्या चित्रपटांची मूळ निगेटिव्ह होरपळली. त्या काळी तरी त्यातून काही वाचवणं शक्य नव्हतं. तरीही ती जळकी, आक्रसलेली, ठिसूळ रिळं कुणी फेकून दिली नाहीत, सांभाळून ठेवली. पुढे इटलीत, बोलोन्यातल्या लॅबमध्ये त्यांना पुन्हा ओलावा देऊन मऊ केलं, कडांच्या भोकांची डागडुजी हाताने केली, आणि जेवढं स्कॅन होण्यासारखं होतं तेवढं ४के, म्हणजे फार बारीक तपशील टिपणारं, स्कॅन केलं. राहिलेला भाग दुसऱ्या प्रतींवरून भरला. २०१५ साली हे काम लोकांसमोर आलं. मी हा चित्रपट आधी दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा पुसट, करड्या प्रतीवर. पावसाआधी तळ्यावर वारा सुटतो, पानं उलटतात आणि पाण्यावर किडे सुळसुळ फिरतात, तो भाग मला आठवत होता. पण त्या किड्यांच्या पायांखाली पाण्याचा पृष्ठभाग किंचित दबलेला दिसतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. तिथे डिस्क थांबवली, मागे नेली, पुन्हा पाहिली. छायालेखक सुब्रत मित्रांनी ते टिपलं होतंच, माझ्यापर्यंत पोहोचायला साठ वर्षं लागली.

फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचं थोडक्यात सांगते. २००८ साली ब्युनोस आयर्समध्ये त्याची १६ मिमीच्या अरुंद फिल्मवरची प्रत सापडली आणि हरवलेली सुमारे २५ मिनिटं परत मिळाली. ती दृश्यं आली की पडद्यावर उभ्या ओरखड्यांचा पाऊस पडतो आणि चित्राची चौकटही लहान होते. ज्यांनी काम केलं त्यांनी हे झाकलं नाही. पोथीत गहाळ ओवी दुसऱ्या हस्ताक्षरात लिहून जोडावी तसं ते दिसतं. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला.

आता यंत्राकडे येते. ब्लू-रेचे तीन रीजन, म्हणजे जगाचे तीन विभाग, आहेत; एका विभागाची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर चालत नाही. 'ए'मध्ये उत्तर-दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया, 'बी'मध्ये युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया, 'सी'मध्ये भारत, चीन, रशिया वगैरे. कलात्मक सिनेमाच्या चांगल्या आवृत्त्या बहुतेक ए किंवा बी रीजनच्या असतात. क्रायटेरियन, मास्टर्स ऑफ सिनेमा, बीएफआय, सेकंड रन ही डिस्क काढणाऱ्यांची नावं या नादात पहिल्याच आठवड्यात कानावर पडतात. एकाच रीजनचा प्लेअर घेतलात तर अर्धं जग बंद. ४के यूएचडी, म्हणजे ब्लू-रेच्या पुढच्या पिढीच्या, डिस्कला रीजन नसतो, पण तिच्याबरोबर येणाऱ्या साध्या ब्लू-रेला बहुधा असतो आणि पुरवण्या (मुलाखती, कॉमेंटरी वगैरे) बऱ्याचदा त्या साध्या डिस्कवरच असतात. हे मला खोकं उघडल्यावर कळलं.

माझ्या प्लेअरमध्ये डिस्क घालण्याआधी रिमोटवर आकडा दाबून रीजन बदलावा लागतो. पहिले पंधरा दिवस हमखास विसरायचं, आता हाताला सवय झाली आहे. तक्रार आहे ती पंख्याच्या आवाजाची. मारधाडीच्या सिनेमात तो ऐकू येत नाही, पण ज्या दिग्दर्शकांसाठी हा सगळा खटाटोप केला त्यांच्या चित्रपटांत दोन-दोन मिनिटं कुणी बोलत नाही, तिथे तो घरघरतो. शेवटी प्लेअर टीव्हीपासून लांब, बाजूच्या फळीवर ठेवला आणि लांब केबल घेतली.

जुन्या डीव्हीडी घ्यायच्या असतील तर एक गोष्ट माहीत हवी. पाल (युरोप, भारत वगैरे ठिकाणची टीव्हीची पद्धत) पद्धतीच्या डीव्हीडीवर २४ चौकटींचा चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी पळवतात. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि त्याबरोबर आवाजाची पट्टीही चढते. एका फ्रेंच चित्रपटातली पियानोची धून मला फार आवडली म्हणून पेटीवर काढायला बसले. ती धड या पट्टीत बसेना, धड पुढच्या. अर्ध्या सुरापेक्षा थोडी कमी चढलेली होती, पेटीवर ती सापडणार कुठून? पुढे त्याच चित्रपटाची ब्लू-रे आली, तिच्यावर वेग मूळचा, २४चाच. धून पहिल्या फटक्यात पेटीवर बसली.

ग्रेनबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. फिल्मवरच्या चित्राला एक रवाळ पोत असतो, तो हलतो, जिवंत असतो. ओटीटीवर चित्र इतकं दाबून पाठवतात की हा रवा आधी चिखलासारखा होतो आणि मग पुसला जातो, चेहरे मेणाचे दिसायला लागतात. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते, त्यामुळे रवा रवाच राहतो. पण काही डिस्क काढणारेही 'स्वच्छ' चित्राच्या हौसेपायी ग्रेन खरवडून टाकतात. अशा दोन डिस्क माझ्याकडे आहेत. त्यातल्या नायिकेच्या कपाळावर एक सुरकुती नाही, केसांच्या बटा एकमेकींत वितळल्यात. त्या मी कुणाला द्यायलाही तयार नाही, कारण त्याने चित्रपट पाहिला असं त्याला वाटेल.

टीव्हीच्या सेटिंगकडे आधी लक्ष द्या, प्लेअर नंतर. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा, चित्र ताणून पडदा भरणारी सोय बंद करा. जुन्या चित्रपटांच्या १.३७ प्रमाणाच्या (उंचीच्या १.३७ पट रुंद) चित्राला दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असणारच, त्या असू द्याव्यात. टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर ही बरीचशी कामं एका बटणात होतात. एवढं केल्यावर माझ्या जुन्या डिस्कसुद्धा नव्या वाटल्या.

रंगांचा वाद मात्र सुटत नाही. हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाय यांनी आपल्या चित्रपटांचा संच नव्याने काढला, २०२१ साली तो डिस्कवर आला. त्यात त्यांनी स्वतःच रंग बदलले आणि 'फॉलन एंजल्स'ची चौकटसुद्धा रुंद केली. दिग्दर्शकाचा हक्क आहे, मान्य. तरी ज्या रंगांच्या आठवणीवर लोक वीस-पंचवीस वर्षं जगले ते रंगही कुठेतरी मिळायला हवेत. मी नवा संच घेतला आणि जुनी 'इन द मूड फॉर लव्ह'ही शोधून घेतली. दोन्ही एका संध्याकाळी लावून पाहिल्या. जिन्यावरच्या त्या दिव्याखालच्या दृश्यासाठी मी पुन्हा जुनीच लावते.

आता नुकसान. सहा डिस्कचा एक संच घेतला होता, पुठ्ठ्याच्या खाचांत डिस्क सरकवलेल्या. दिसायला देखणा, पण पुठ्ठ्याचा डिंक चौथ्या डिस्कला लागलेला. मी क्रमाने, सावकाश पाहत होते, चौथीपर्यंत यायला सात महिने गेले. एक तास बारा मिनिटांवर चित्र गोठलं ते गोठलंच. परत करायची मुदत केव्हाच संपली होती, प्रकाशकाने उत्तर दिलं की संच आता छापत नाही. तो चित्रपट माझा अर्धाच पाहून झालाय. तेव्हापासून नवी डिस्क आली की त्याच आठवड्यात प्रत्येक प्रकरणावर उडी मारून तपासते, प्रकाशात तिरकी धरून डाग पाहते. डिस्क काढताना मधली खुंटी दाबायची, कड वाकवायची नाही. पुसायची तर मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ, गोल फिरवून नाही. उभ्या ठेवायच्या, उन्हापासून लांब.

छपाई बंद होण्याचा मुद्दा आला तर तेही सांगते. या आवृत्त्यांचे हक्क ठरावीक वर्षांसाठी असतात. मुदत संपली की डिस्क बाजारातून जाते आणि मग जुन्या बाजारात भाव वाटेल तसा चढतो. या धास्तीने मी पहिल्या चार महिन्यांत भराभर घेतल्या, आणि त्याच घाईतल्या २३ डिस्क अजून न पाहिलेल्या आहेत. आता न पाहिलेल्या तीन संपल्याशिवाय चौथी मागवत नाही.

पुरवण्यांबद्दल माझं मत बदललं. आधी वाटायचं, चित्रपट हवा, बाकीचं कशाला? कॉमेंटरी ट्रॅकची सुरुवात झाली ती १९८४ साली 'किंग काँग'च्या लेसरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क), रोनाल्ड हेवर यांच्या आवाजात. अभ्यासू माणूस शेजारी बसून बोलतोय असा तो प्रकार. चांगली कॉमेंटरी असेल तर चित्रपट संपल्यावर लगेच तो दुसऱ्यांदा तिच्यासह पाहते. वाईट असेल तर दहा मिनिटांत बंद. छापील पुस्तिका मात्र मी एकही चुकवत नाही. कोणत्या घटकांवरून स्कॅन केलं, रंग कुणाच्या देखरेखीखाली ठरवले, ही माहिती तिच्या शेवटच्या पानावर लहान अक्षरांत असते आणि मी खोकं उघडलं की आधी तेच पान काढते.

४के घ्यावं का? रंगीत चित्रपट, मोठा पडदा आणि नवं स्कॅन असेल तर जरूर. कृष्णधवल चित्रपटाची त्याच स्कॅनवरून काढलेली चांगली ब्लू-रे हाताशी असेल तर फरक माझ्या डोळ्यांना फार थोडा जाणवला, त्यासाठी पुन्हा खर्च करणार नाही. ज्यांना एकदा पाहून पुढे जायचंय त्यांनी या वाटेला येऊ नये, त्यांना ओटीटी पुरेल. ज्यांना एकाच चित्रपटाकडे परत परत जावंसं वाटतं, त्यांनी आधी टीव्हीचं सेटिंग नीट करावं, मग मल्टी-रीजन प्लेअर, मग आपल्या सगळ्यात आवडत्या तीन चित्रपटांच्या सर्वांत चांगल्या आवृत्त्या.

सध्या फळीवर तारकोव्हस्कीच्या 'आंद्रेई रुब्ल्योव'चा संच आहे. त्यात १८३ मिनिटांचा एक पाठ आणि २०५ मिनिटांचा दुसरा. लहान पाठ गेल्या रविवारी पाहिला, घंटा ओतण्याच्या भागापर्यंत आईही बसली होती. मोठा येत्या रविवारी लावणार आहोत, दुपारीच सुरू करू.